स्वेडचे डेझर्ट बूट मराठवाड्यात चालतील का? एका बूट कारागिराचं उत्तर

लातूरला बँकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणाचे तीन प्रश्न आहेत. स्वेडचे डेझर्ट बूट घ्यायचे मनात आहे, पण आपल्या उन्हात, धुळीत ते टिकतील का? त्यांचा इतिहास काय? आणि दिसायला एवढे साधे असताना लोक त्यांच्यावर इतके का भाळतात? मी छत्रपती संभाजीनगरला बूट शिवतो, दुरुस्त करतो. त्यामुळे हे उत्तर रापी-आरी हातात धरणाऱ्याचं आहे, फॅशनवाल्याचं नाही.

तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

चांगला डेझर्ट बूट हातात घ्या आणि त्यात काय काय नाही ते बघा. आत अस्तर नाही. घोट्याभोवती स्पंज नाही. पुढे टोपी नाही, नक्षीची भोकं नाहीत, बक्कल नाही, चकाकी नाही. वरचं चामडं दोनच भागांत कापलेलं: पंजा आणि जीभ मिळून एक, घोट्याला वेढणारा दुसरा. नाडीला एका बाजूला दोन भोकं. खाली क्रेपचा, म्हणजे कच्च्या रबराचा, सोल. संपला बूट.

आता एवढं कमी सामान असलं की नजर जाणार कुठं? एक तर बुटाच्या बाह्यरेषेवर, नाही तर चामड्यावर. नक्षीदार बुटात हलकं चामडं शिलाईच्या गर्दीत खपून जातं, पॉलिशखाली तर सगळंच झाकतं. डेझर्ट बूट बनवणाऱ्याला लपायला जागा नाही. चामडं लवदार, सारख्या जाडीचं आणि पंज्यावर सुरकुती न पडता बसलेलं असेल तर बूट देखणा; नसेल तर तो पुठ्ठ्याचा वाटतो. बाजारात या बुटाच्या ज्या नकला येतात, त्यातल्या बहुतेक इथंच फसतात. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाइकाला पैशाचं काहीतरी दिसलं पाहिजे. मग आत फोम, कडेला दुहेरी-तिहेरी शिलाई, टाचेला चामड्याचा पट्टा, सोलला ट्रॅक्टरच्या चाकासारखे काटे. झाला मग तो दुसराच बूट.

स्वेड म्हणजे चामड्याची आतली, मांसाकडची बाजू घासून तिचे तंतू उभे केलेले. गाई-म्हशीचं कातडं जाड असतं. ते यंत्रातल्या पट्टीसारख्या सुरीवर आडवं चिरतात. वरचा थर गुळगुळीत लेदरला जातो, खालच्या थराचं स्वेड होतं. धंद्यात त्याला स्प्लिट म्हणतात. शेळी-बकऱ्याचं कातडं पातळ असल्यानं ते न चिरता आतली बाजू वर करून वापरता येतं, त्याची लव बारीक आणि मऊ निघते. तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण जाडीचं चामडं उलटं करून वापरणं. तो सगळ्यांत टिकाऊ, कारण वरचा घट्ट थर आतल्या बाजूला शाबूत राहतो. नूबक दिसायला जवळपास तसंच असतं, पण ते वरच्याच बाजूला हलकं घासून केलेलं असतं. दुकानात हे दोन्ही एकाच नावाखाली विकतात, म्हणून सांगून ठेवलं.

लव उभी असल्यानं स्वेडवर प्रकाश आरशासारखा परावर्तित होत नाही, तंतूंमध्ये विखुरतो, मुरतो. त्यामुळे त्याच रंगाच्या गुळगुळीत चामड्यापेक्षा स्वेडचा रंग खोल दिसतो, आणि हात फिरवला तर तिथं छटा बदलते. जीन्स, खादी, जाडेभरडे सुती कापड यांनाही स्वतःची चमक नसते. म्हणून त्यांच्या शेजारी स्वेड शोभतं. चकाकता काळा बूट खादीच्या कुर्त्याखाली उपरा वाटतो, तो याच कारणानं.

आता इतिहास. या बुटाचं मूळ घराणं दक्षिण आफ्रिकेतलं. तिथल्या डच वसाहतकारांचे वेल्डस्कून नावाचे जोडे होते: कच्च्या चामड्याचे, हलके, घोट्यापर्यंत येणारे. त्यांची खासियत शिवण्यात होती. नेहमीच्या बुटात वरचं चामडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून आत, तळव्याखाली वळवतात. यात ते बाहेर वळवतात आणि कडेनं खालच्या तळाला सरळ टाके घालतात. करंजीची कड बाहेर ठेवून मुरड घालतात ना, तसं. हत्यारं कमी लागतात, खिळा लागत नाही, आणि कडेनं वाळू-खडे सहज आत शिरत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं आठवं सैन्य उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढत होतं. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्या होत्या आणि त्यांच्याबरोबर या जोड्यांची सवयही आली. अधिकारी सुट्टीवर कैरोला गेले की खान अल-खलिलीच्या बाजारातल्या कारागिरांकडून तसे बूट शिवून घेत: खरखरीत स्वेड, खाली क्रेप रबर. सरकारी बूट जड आणि तापणारे, हे हलके आणि हवा खेळणारे. याच वाळवंटात आपलीही माणसं होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला होती, आणि ते ठाणं पडलं तेव्हा युद्धकैदी झाली. पण कैरोचे बूट हा खिसा गरम असलेल्या अधिकाऱ्यांचा शौक होता, साध्या शिपायाला मिळतील ते सरकारी बूटच घालावे लागत. आज ज्याला आपण साधेपणा म्हणून मिरवतो, तो तेव्हाही साहेबाच्याच पायात होता, हे विसरू नये.

इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये स्ट्रीट नावाच्या गावी १८२५ साली सायरस क्लार्कनं मेंढीच्या कातड्याचा धंदा सुरू केला, आणि पुढे त्यातूनच त्यानं आणि भाऊ जेम्सनं पायताणांचा कारखाना उभा केला. तीच आजची क्लार्क्स कंपनी. जेम्सचा पणतू नेथन क्लार्क १९४१ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून ब्रह्मदेशात गेला. जाताना भाऊ बँक्रॉफ्टनं बजावलं होतं, की जगात फिरशील तिथं कामाचं पायताण दिसलं तर कळव. आठव्या सैन्यातून पूर्वेकडे आलेल्या अधिकाऱ्यांच्या पायात नेथनला ते कैरोचे बूट दिसले. नेमके कुठं, याच्या दोन कथा आहेत: १९४४ मध्ये स्टाफ कॉलेजात, किंवा काश्मीरच्या सुट्टीत. काश्मीरची कथा मला जास्त आवडते, पण आवडण्यानं काही सिद्ध होत नाही.

त्यानं चित्रं आणि कच्चे पॅटर्न घरी पाठवले. तिकडं कुणी हात लावला नाही. युद्धानंतर परत आल्यावर त्यानं स्वतः पॅटर्न कापले आणि ते कंपनीच्याच एका पुरुषी सँडलच्या फर्म्यावर चढवले. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तुमच्या पायाशी तिचा संबंध येणार आहे. चामडं घेतलं ते साधारण २ मिलिमीटर जाडीचं, क्रोमनं कमावलेलं, वाळूसारख्या करड्या-पिवळट रंगाचं स्प्लिट स्वेड. कोणता नमुना बाजारात न्यायचा हे ठरवणाऱ्या कंपनीच्या समितीनं तो बघून सांगितलं, हा विकला जाणार नाही. त्या लोकांचंही नवल नाही. इंग्लंडात स्वेडच्या बुटाकडे तेव्हा जुनी माणसं नाक मुरडूनच बघत.

बूट तरला तो अमेरिकेमुळे. १९४९ च्या शिकागोच्या पादत्राण प्रदर्शनात ‘एस्क्वायर’ मासिकाचे फॅशन संपादक ऑस्कर शेफलर यांना तो दिसला. १९५० च्या सुरुवातीला मासिकात रंगीत छायाचित्रांसह त्याची दखल आली, मागणी सुरू झाली, मग घरच्यांचा विश्वास बसला. पुढे १९६० च्या दशकात इंग्लंडातल्या ‘मॉड’ म्हणवणाऱ्या फॅशनवेड्या पोरांनी तो लांब पार्का कोटाखाली घातला, पॅरिसच्या १९६८ च्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांच्या पायात तो होता, जमैकात तर क्लार्क्सचे बूट म्हणजे रस्त्यावरच्या पोरांची इभ्रत झाली आणि तिथल्या गायकांनी त्यावर गाणी रचली. सैनिकी अधिकारी, कॉलेजकुमार, आंदोलक, टपोरी. बुटावर कुठल्याच वर्गाची खूण नव्हती, म्हणून ज्यानं त्यानं आपली उमटवली. शेजारच्या वेस्टन-सुपर-मेअरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला आणि उत्पादन परदेशात गेलं. पण बूट तोच राहिला, दोन भागांचा. नेथन क्लार्क २०११ मध्ये, नव्वदी ओलांडून गेला.

आता आपल्या गावाकडे येऊ.

ऊन. या बाबतीत नावापेक्षाही हा बूट खरा आहे. अस्तर नाही, लव उघडी, म्हणून पायाचा घाम बाहेर पडतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना फोमचा स्पोर्ट बूट आणि विनाअस्तर स्वेड, दोन्ही दिवसभर घालून बघा. संध्याकाळी मोजे काढताना फरक कळेल. उन्हाची खरी भीती सोलला आहे. क्रेप म्हणजे रबराच्या चिकाला आम्ल घालून गोठवतात, रोलरमधून काढून धुतात, वाळवतात आणि पातळ थर एकावर एक दाबून जाड पत्रा करतात. यात गंधक घालून भाजण्याची क्रिया नसते. म्हणून तो इतका मऊ, पायाखाली दबून परत उसळणारा. आणि म्हणूनच उष्णतेनं सैल पडतो, चिकट होतो, तेलानं फुगतो. दुपारी तापलेल्या डांबरावर लांब चालू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत जोडी ठेवू नका. मोटारसायकलवर मागे बसलात तर सायलेन्सरला सोल टेकवू नका, वितळून डाग पडतो. पेट्रोल पंपावर सांडलेल्या तेलात पाय ठेवू नका.

धूळ. इथं मराठवाड्यात दोन प्रकार करावे लागतात. रस्त्याकडेच्या मुरमाची, माळावरची पिवळट-तांबूस धूळ स्वेडला फारसं काही करत नाही. वाळूच्या रंगाच्या बुटावर तर ती बेमालूम मिसळते. कोरड्या ब्रशनं झाडली की गेली. काळ्या रानाची माती मात्र वैरी. तिचा कण अतिशय बारीक, चिकण, आणि ओला झाला की तंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो. काळ्या मातीचा चिखल लागला तर हात लावू नका. पुसू नका, धुऊ नका. सावलीत पूर्ण वाळू द्या, खपली आपोआप सुटते, मग ब्रश. ओला चिखल घाईनं पुसणाऱ्यांचे बूट माझ्याकडे येतात तेव्हा पंजा राखाडी झालेला असतो आणि तो रंग काही केल्या पुरता निघत नाही. पावसाळ्यात हे बूट कपाटात ठेवा. माझा हिशोब साधा आहे: दसऱ्याला काढायचे, अक्षय तृतीयेपर्यंत बिनघोर घालायचे, पुढे रोहिण्यांपर्यंत फक्त सकाळ-संध्याकाळ.

पण ऊन आणि धूळ या दोन्हींपेक्षा आपल्याकडे स्वेड जास्त खराब होतं ते मोटारसायकलच्या गिअरनं. याबद्दल कुणी बोलत नाही, कारण या बुटांवर लिहिणारे मोटारीतून फिरतात. डाव्या पायाच्या बोटांवर, जिथं गिअरचा दांडा वर उचलला जातो, तिथली लव घासून काळी, तुळतुळीत होते. उजवा बूट नवा, डावा म्हातारा. तुमच्या गाडीला टाच-पंजाचा दुहेरी गिअर असेल तर टाचेनं टाका. नसेल तर दांड्यावर रबराची नळी चढवा. गाड्यांचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते. घासलेली जागा तांब्याच्या तारेच्या ब्रशनं थोडीफार उठवता येते, मुळासकट गेलेली लव परत येत नाही.

निगा फार नाही. रबरी किंवा तांब्याच्या तारेचा स्वेड ब्रश घ्या. तो नसेल तर जुना, स्वच्छ टूथब्रश चालतो. एकाच दिशेनं झाडा. कोरड्या डागाला खोडरबर. तेल, तूप, भाजीचा रस्सा सांडला तर लगेच खडूची पूड भरपूर टाकून रात्रभर ठेवा, तेल ती शोषून घेते. सकाळी झाडा, गरज पडली तर पुन्हा टाका. पावसात भिजलेच तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली, सावलीत वाळवा. एकाच बाजूला पाण्याची कड उमटली असेल तर अख्खा पंजा ओल्या कपड्यानं हलका, सारखा दमट करा आणि मग वाळवा, कड विरते. लव बसली असेल तर चहाच्या आधणाच्या वाफेवर थोडा वेळ धरून ब्रश मारा. नवे असताना पाणीरोधक स्प्रे मारला तर बरं. तो कायमचा नसतो, अधूनमधून पुन्हा मारावा लागतो. आणि खोबरेल किंवा एरंडेल लावू नका. कोल्हापुरी चपलेला तेल मानवतं, कारण ती बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेल्या टणक चामड्याची असते, तिला मऊ करायचं असतं. स्वेडला तेल लावलं की लव चिकटून बसते आणि कायमचा ओशट डाग उरतो. नाक्यावरच्या कारागिराकडे बूट टाकताना स्पष्ट सांगा, पॉलिश मारायचं नाही. सवयीनं त्याचा हात डबीकडे जातोच.

कशावर घालायचे, यात माझं मत थोडं हट्टी आहे. गडद निळी जीन्स, खाकी किंवा ऑलिव्ह चिनो, खादीचा शर्ट, जाड सुती कुर्ता जीन्सवर: डोळे झाकून. पँट खाली अरुंद असावी आणि बुटाच्या काठाला जेमतेम टेकावी. ढगळ पायघोळ पँटीनं घोटा झाकला की या बुटाची रेषाच मेली. इस्त्रीची कडक घडी असलेल्या काळ्या पँटीखाली घालू नका. बँकेत वरिष्ठांची बैठक असेल त्या दिवशी साधे लेदरचे बूट घाला, उगं वाद नको. लग्नसराईत आमच्या संभाजीनगरच्या हिमरूचं जाकीट घालणारी मंडळी मला विचारतात. हिमरूत रेशीम आहे, त्याला स्वतःची मंद झळाळी असते. तिच्याखाली गडद तपकिरी स्वेड फार छान दिसतं, कारण दोघांपैकी एकच चमकतं. चुडीदारावर मात्र नको, तिथं मोजडीच.

मापाबद्दल ती सँडलच्या फर्म्याची गोष्ट. आपण मराठवाड्यातली माणसं लहानपणापासून चपलेवर वाढलेली, पंजा पसरलेला असतो. टोकदार फॉर्मल बूट आपल्याला चावतात ते म्हणून. डेझर्ट बुटाचा पंजा मुळातच सँडलचा, रुंद आणि गोल, त्यामुळे तो आपल्याला बसतो. शिवाय अस्तर नसल्यानं काही आठवड्यांत सैल पडतो. नवा घेताना नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर कमी घ्या. बोटांना जागा असावी, टाच घट्ट असावी. उलटं असेल तर जोडी ठेवून द्या, तो फर्माच वेगळा आहे.

दुकानात असली-नकली ओळखायची तर जीभ उलटून बघा. अस्तर नसलेल्या खऱ्या स्वेडची मागची बाजूही चामड्याचीच असते, कडेला कापलेल्या जागी तंतूंचा गुंता दिसतो. कृत्रिम कापडात तिथं विणीची जाळी किंवा प्लास्टिकचा थर सापडतो. नुसता हात फिरवून छटा बदलते का बघणं पुरेसं नाही, हल्लीचं मायक्रोफायबरही तेवढं करतं.

सोल झिजला तर काय, हेही विचारून ठेवायला हवं होतं तुम्ही. क्रेप भराभर झिजतो, टाच आधी जाते. बाहेर वळवून शिवलेला बूट असेल तर सोल बदलणं सोपं: जुना क्रेप गरम करून रापीनं सोडवायचा, तळ खरवडायचा, सोल्यूशन लावून चिकटपणा येईपर्यंत थांबायचं आणि दाबायचं. मधला तळ आणि शिलाई तशीच राहते. क्रेपचा पत्रा आपल्याकडे सहज मिळत नाही, मागवावा लागतो. त्याऐवजी फिकट रंगाचं मायक्रो शीट, म्हणजे बारीक छिद्रांचं हलकं रबर, लावून घेतलं तर दिसायला फारसं बिघडत नाही, वजन कमी होतं, आणि तापलेल्या डांबरावर ते क्रेपपेक्षा बरं. झिजून गुळगुळीत झालेला क्रेप ओल्या टाइल्सवर घसरतो. तुमच्या बँकेत सकाळी फरशी पुसतात, तेव्हा तेवढं सांभाळा. टायरचा सोल मात्र कुणी कितीही टिकाऊ म्हणून सुचवला तरी नको. मऊ, विनाअस्तर बुटाला तो जड होतो आणि कडेची शिलाई ताणून उसवतो.

शिवून घ्यायचा विचार असेल तर आपल्याकडचा चांगला कारागीर हा बूट करू शकतो. अडचण कसबाची नाही, मालाची आहे. धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी शेळी कातड्यासाठी नावाजलेली, पण स्वेड इथं तयार होत नाही; ते तमिळनाडूतल्या आंबूर, राणीपेटसारख्या ठिकाणच्या टॅनरीतून येतं. कारागिराला आधी माल दाखवायला सांगा, तो बघून मग माप द्या. सांगताना एवढंच सांगा: अस्तर नाही, फोम नाही, पंजा आणि जीभ एका तुकड्यात, भोकं दोन-दोन, कड बाहेर. तो म्हणेल, फारच सुनं दिसेल, एखादी शिलाई टाकू का. नाही म्हणा. पहिली जोडी गडद तपकिरी घ्या, तुमच्या नोकरीला आणि काळ्या मातीला तीच झेपेल. वाळूचा रंग दुसऱ्या जोडीला.